तटाच्या आत, तटाच्या बाहेर

आरती झाली, प्रसाद वाटून झाला की मंडपामागच्या खुर्च्यांवर दरवर्षी एकच विषय निघतो. प्लॉट कुठे घ्यावा? मैलूरला भाव काय, नौबादला काय, शिवनगरात आता काही उरले आहे का? कोणी रस्त्याची रुंदी सांगतो, कोणी शाळेचे अंतर, कोणी वास्तुशास्त्र काढतो. आम्हीही त्या गप्पांत असतोच. मैलूरला घर बांधताना आम्ही हेच सारे प्रश्न विचारले होते. पाण्याचा तेवढा विचारायचा राहिला. पुढे दोन बोअर कोरडे गेले, तेव्हा आपल्या गावाचा इतिहास जरा उघडून पाहावा असे वाटले. (मैलूर म्हटले की बाहेरगावचे पाहुणे खंडोबाचे मैलार समजतात. ते मैलार मल्लण्णा भालकी तालुक्यातल्या खानापूरचे. आमचे मैलूर म्हणजे बीदरच्या तटाबाहेरची वस्ती.)

खरे तर 'राहायचे कुठे' या प्रश्नातूनच बीदर राजधानी झाले. बहमनींची पहिली गादी गुलबर्ग्याची. १४२२ साली अहमदशहा वली तख्तावर आला आणि त्याने काही वर्षांत सारा कारभार इकडे हलवला. गुलबर्ग्याच्या उन्हाळ्याबद्दल आमच्या तिकडच्या सोयऱ्यांना वेगळे सांगायला नको. शिवाय त्या गादीभोवती घरातल्या घरातच बरेच रक्त सांडले होते. बीदर पठारावरचे, दोन हजार फुटांहून उंच, हवा मोकळी. मराठी, कानडी आणि तेलुगू हे तिन्ही मुलूख इथून हाताशी. एवढ्या गोष्टी जुळल्यावर सुलतानाने दुसरीकडे कशाला पाहावे?

पण पठारावर शहर वसवायचे तर पाणी हवे, आणि इथेच बीदरच्या मातीची गंमत आहे. वर तांबडा जांभा, खाली काळा कातळ. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते, कातळाला अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. नरसिंह झिरा, नानक झिरा, पापनाश ही आपली सारी तीर्थे अशाच पाण्यावरची. झरणीच्या गुहेत छातीभर पाण्यातून नृसिंहाच्या दर्शनाला जाणाऱ्याला भूगर्भशास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. अडचण एवढीच, की पाणी कडेला आणि माणसे मध्यावर.

त्यावर बहमनींनी जी तोड काढली ती इराणातली. अहमदशहाने किरमाण प्रांतातल्या शाह निमतुल्लाच्या घराण्याला मानाने इथे बोलावले. त्या घराण्यातल्या खलीलुल्लाची चौखंडी अष्टूरच्या वाटेवर आजही उभी आहे. इराणातून अशी पुष्कळ माणसे आली, आणि जमिनीखालून पाणी चालवण्याची विद्याही तिकडचीच. तिला करेज म्हणतात. उंचावर भूजल लागेल अशी मूळ विहीर खणायची आणि तिच्यापासून अगदी हलक्या उताराचा बोगदा काढायचा. वाटेत ठिकठिकाणी उभी भोके पाडायची, म्हणजे खणलेली माती वर काढता येते आणि आत हवा खेळते. मोट नको, बैल नकोत, पाणी आपल्या वजनाने चालत येते आणि उन्हाने आटत नाही. औरंगाबादची नहर आणि पाणचक्की पाहिलेल्या मंडळींना हे लगेच कळेल, मात्र बीदरचे काम मलिक अंबरच्या कितीतरी आधीचे. नौबादच्या करेजला अशी वीसहून अधिक भोके आहेत. 'नौबाद' म्हणजे तरी काय? नवी आबादी. आज ज्याला आपण 'न्यू कॉलनी' म्हणू, तेच. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी वस्ती काढली ती आधी पाण्याची सोय करून.

मानाची जागा अर्थात किल्ल्यात. त्याखालोखाल शहर. मधोमध चौबारा, त्याच्यापासून फुटणारे रस्ते आणि तालमींच्या नावाने ओळखले जाणारे भाग : सिद्दीकशाह, नूरखान, मनियार, पनसाल. आखाड्यावरून पत्ता सांगायची ही रीत आम्हाला पुण्यातल्या पेठांपेक्षा जास्त आवडते. चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर महमूद गवानाने १४७२ साली मदरसा पुरा केला. त्याच सुमारास रशियाचा व्यापारी अफनासी निकितीन इथे राहून गेला. अमीर-उमरावांचा थाट आणि खेड्यातल्या माणसांचे हाल, दोन्ही त्याने शेजारीशेजारी लिहून ठेवले आहेत. चांगली वस्ती आणि वाईट वस्ती हा भेद काही कॉलन्यांनी आणलेला नाही.

पुढे बरीदशाहीत शहराला तट पडला. शाहगंज, फतेह, मंगलपेठ, दुल्हन आणि तलघाट हे त्याचे दरवाजे. १६५७ साली औरंगजेबाने बीदर घेतले आणि नंतर ते निजामाकडे गेले. एके काळी गोवळकोंड्याच्या सुभेदाराला हुकूम बीदरहून जात. १५९१ साली हैदराबाद वसले आणि हळूहळू पारडे फिरले. आज आमची मुले फ्लॅट शोधतात ते हैदराबादेत.

तटाबाहेर राहणे बरे, असे लोकांना केव्हापासून वाटू लागले? आमच्या मते दोन सालांनी ते घडवले. पहिले १९४८. रझाकारांचा काळ आणि पोलिस अ‍ॅक्शननंतरचे दिवस, दोन्हींत माणसे मेली, घरे ओस पडली. सुंदरलाल समितीने सर्वांत होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत बीदर आणि गुलबर्गा दोन्ही आहेत. जुन्या मोहल्ल्यांत शेजार बदलला तो तेव्हा. यावर आपण स्मरणिकांत सहसा लिहीत नाही, पण वाड्यांच्या गोष्टी सांगताना हे गाळणे बरोबर नाही.

दुसरे १९५६. १ नोव्हेंबरला जिल्हा फाटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे. बीदर, भालकी, हुमनाबाद इकडे. एका भावाचे शेत मुंबई राज्यात आणि दुसऱ्याची नोकरी म्हैसूर राज्यात, अशी घरे आपल्यात कितीतरी. कुठे राहावे हा प्रश्न मग हवापाण्यापुरता राहिला नाही. मुलांची शाळा कोणत्या भाषेची, निवृत्तीनंतर उदगीरला परतायचे की इथेच, यावर रात्र-रात्र बोलणी होत. ज्यांनी 'इथेच' ठरवले त्यांनी तटाबाहेर जमीन घेतली, कारण ती मोकळी आणि स्वस्त होती. आपल्या मंडळातले बरेच जण त्या निर्णयाची मुले-नातवंडे आहेत.

त्या पिढीच्या घरामागे आड असे, रहाट असे. आता कारंजा धरणाचे पाणी नळाला येते. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी टँकर येतो. नौबादची भोके काही ठिकाणी बुजली, काही ठिकाणी त्यांच्यावरून रस्ता गेला. जांभा तसाच झिरपतो आहे, पण वर फरशी आणि काँक्रीट आल्यावर झिरपायला पाणी उतरणार कुठून?

यंदा मंडपामागे पुन्हा प्लॉटचा विषय निघाला. मैलूरच्या बाजूचा एक प्लॉट विकायला काढलेले गृहस्थ समोरच बसले होते. आम्ही विचारले, "जागेत विहीर आहे का?" ते म्हणाले, "होती की. भरून घेतली. आता प्लॉट चौकोनी झालाय, भावही चांगला येईल."