डर्बीचा निकाल आणि औषधाची वही

अमेरिकेत दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंटकीतल्या लुइव्हिलला घोड्यांची डर्बी होते. घोड्यांची शर्यत म्हटली की आपल्या मंडळींना महालक्ष्मी आठवते आणि तिच्या नुसत्या उल्लेखाने वडीलधाऱ्यांनी मुरडलेलं नाकही. पण ज्याने आयुष्यात कधी पैसे लावले नाहीत त्यानेही वाचावा, असा एक खटला या डर्बीच्या इतिहासात आहे.

४ मे १९६८ रोजी 'डान्सर्स इमेज' नावाचा करडा घोडा सगळ्यांच्या मागून येऊन पहिला आला. मालक पीटर फुलर हे बोस्टनचे मोटारविक्रेते. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा याच घोड्याने जिंकलेलं एक बक्षीस त्यांनी किंग यांच्या पत्नीला देऊन टाकलं होतं. दक्षिणेत ते अनेकांना रुचलं नाही. पुढच्या प्रकरणामागे हाच राग असावा, असं फुलर बोलून दाखवीत. पुरावा मात्र कधीच सापडला नाही.

तीन दिवसांनी जाहीर झालं, की घोड्याच्या लघवीत फेनिलब्युटाझोन सापडलं. हे सूज आणि वेदना कमी करणारं औषध. घोड्याचे घोटे दुखरे होते, ही गोष्ट लपलेली नव्हती. सरावाच्या काळात हे औषध द्यायला हरकत नव्हती. शर्यतीच्या दिवशी ते अंगात असता कामा नये, एवढाच नियम. पशुवैद्याचं म्हणणं, मी ते आधीच्या रविवारी दिलं होतं. म्हणजे सहा दिवस आधी! एवढ्या दिवसांत ते शरीराबाहेर जायला हवं होतं. मग राहिलं कसं? की मध्ये कोणी पुन्हा दिलं? याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही.

ट्रेनर लू कॅव्हॅलॅरिस यांना ३० दिवसांची बंदी झाली. औषध त्यांनी दिलं, असं सिद्ध झालं नव्हतं. तशी गरजही नव्हती. घोड्याच्या अंगात जे सापडेल त्याला ट्रेनर जबाबदार, हे रेसच्या जगातलं जुनं तत्त्व. ते वरवर अन्यायाचं वाटतं. पण तबेल्यात दहा माणसांची ये-जा. प्रत्येकाने 'मी नव्हे' म्हटलं तर शिक्षा कोणालाच होणार नाही. माझ्या मते तत्त्व बरोबर आहे, फक्त त्याच्या जोडीला चोख नोंदवही हवी. कधी, किती, कोणी दिलं, हे वेळच्या वेळी लिहिलेलं नसेल तर निरपराध ट्रेनरच्या हातात काय उरतं?

फुलर कोर्टात गेले. १९७० मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. १९७२ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. १,२२,६०० डॉलर्सचं बक्षीस आणि विजेतेपद दुसऱ्या आलेल्या 'फॉरवर्ड पास'कडे गेलं. गंमत म्हणजे पुढे काही वर्षांतच केंटकीने या औषधाला मुभा दिली.

नोंदींचा प्रश्न ब्रिटनमध्ये २०१३ साली उघड्यावर आला. न्यूमार्केटला शेख मोहम्मद यांच्या घोड्यांचे ट्रेनर महमूद अल झरूनी यांनी स्टेरॉइड्स दिल्याचं कबूल केलं. त्यांना ८ वर्षांची बंदी झाली. त्यांच्यावरच्या आरोपांत औषधांची नोंद न ठेवणं हाही एक होता.

२०२१ मध्ये डर्बीत पुन्हा तेच घडलं. पहिल्या आलेल्या 'मेडिना स्पिरिट'च्या रक्तात बीटामेथासोन सापडलं, तेही एका मिलिलिटरमध्ये २१ पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख-कोटीवा भाग! ट्रेनर बॉब बॅफर्ट यांनी आधी साफ इन्कार केला, मग त्वचेवरच्या मलमाकडे बोट दाखवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये घोडा बाद ठरला. बॅफर्टना ९० दिवसांची बंदी आणि ७,५०० डॉलर्स दंड झाला. घोडा तर डिसेंबरातच सराव करताना मेला होता.

तोवर प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते. २०२० च्या केंद्रीय कायद्याने एक राष्ट्रीय यंत्रणा नेमली आणि मे २०२३ पासून तिची औषधबंदीची नियमावली लागू झाली. त्यात घोड्यावरच्या उपचारांची नोंद ठेवणं आणि मागितल्यावर ती दाखवणं ट्रेनरवर बंधनकारक आहे.