हिममातेच्या सणाला भाताचे कणीस : चर्चचे वर्ष आणि कोकणचा पाऊस

१/ दरवर्षी ५ ऑगस्टला गोव्यातील साष्टीच्या राय या गावी चर्चमधून मिरवणूक निघते आणि थेट भातशेतात जाते. धर्मगुरू शेताला आशीर्वाद देतात, विळ्याने नुकती निसवलेली कणसे कापतात आणि ती वाजतगाजत वेदीपर्यंत आणली जातात. हे ‘कणसाचें फेस्त’. चर्चचे नाव मात्र हिममातेचे, म्हणजे बर्फाच्या मातेचे! ज्या गावाने बर्फ कधी पाहिला नाही, तेथे हे नाव आणि हे कणीस एकत्र कसे आले? या प्रश्नाच्या निमित्ताने आज चर्चच्या वर्षाविषयीचा हा दीर्घ थ्रेड.

२/ प्रथम नावाविषयी. आख्यायिका अशी : चौथ्या शतकात, पोप लायबेरियसच्या काळी, रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर ऐन उन्हाळ्यात, ५ ऑगस्टला बर्फ पडला. मरियामातेने आपल्या मंदिरासाठी ती जागा दाखवून दिली, अशी श्रद्धा रूढ झाली. सांता मारिया माज्जोरे हे रोममधील भव्य चर्च त्याच टेकडीवर उभे आहे. रोमच्या कडक उन्हाळ्यात बर्फ हा चमत्कार ठरतो. साष्टीत त्या तारखेला आभाळ कोसळत असते.

३/ एवढ्याशा विसंगतीत एक मोठा ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे. चर्चचे वर्ष भूमध्य समुद्राभोवतीच्या ऋतुमानात घडले. ते सोळाव्या शतकात पावसाळी कोकणात आले तेव्हा काय झाले? श्रद्धेचे पंचांग एका हवामानातून दुसऱ्या हवामानात नेता येते का?

४/ या वर्षाची रचना थोडक्यात पाहू. आरंभ जानेवारीत होत नाही. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा प्रारंभ. मग नाताळ. पुढे राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, ईस्टर. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण, पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. त्यानंतर थेट पुढच्या आगमनकाळापर्यंत पसरलेला दीर्घ सामान्य काळ.

५/ मराठी वाचकाला ही रचना अनोळखी वाटण्याचे कारण नाही. नाताळ मकरसंक्रांतीसारखा सूर्याशी बांधलेला आहे, म्हणून त्याची तारीख ठरलेली. ईस्टर मात्र चंद्राचा सण : वसंतसंपाताची तारीख २१ मार्च धरून, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार. पुष्कळ वर्षी ही पौर्णिमा आपली चैत्री पौर्णिमाच असते. हनुमान जयंती आणि ईस्टर एकाच आठवड्यात येतात, यात योगायोग नाही. दोन्हीकडे चंद्र एकच आहे.

६/ या चक्राला अर्थ देताना जुन्या ख्रिस्ती चिंतकांनी ऋतूंचाच आधार घेतला. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या आसपास आपल्या प्रवचनांत एक सुंदर जोडणी केली. २४ जून हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन. त्यानंतर दिवस लहान होत जातात. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्म. त्यानंतर दिवस मोठा होतो. ख्रिस्ताची वाढ व्हावी आणि आपण घटावे, हे योहानाचे उद्गार जणू सूर्यच आकाशात लिहितो!

७/ आता हाच २४ जून कोकणात ठेवून पाहा. आकाशात सूर्य दिसला तर नशीब. मृगाचा पाऊस होऊन गेलेला, विहिरी काठोकाठ भरलेल्या. युरोपात या रात्री शेकोट्या पेटतात. गोव्यात ‘सांजांव’च्या दिवशी लोक डोक्यावर पानाफुलांची ‘कोपेलां’ घालून विहिरींत उड्या मारतात आणि नव्या जावयाचा मान होतो. अग्नीचा सण पाण्याचा झाला.

८/ लोकांनी या उडीला बायबलमधील आधारही शोधला. मरियेचे अभिवादन ऐकताच एलिझाबेथच्या उदरातील बाळ योहान आनंदाने उसळला, असे लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. ती उसळी म्हणजेच ही उडी! ऑगस्टीनने प्रकाशाकडे पाहून चिंतन केले, गोव्याच्या कष्टकऱ्याने पाण्याकडे पाहून. दुसऱ्याला केवळ ‘लोकाचार’ म्हणून बाजूला ठेवणे मला योग्य वाटत नाही. तेही श्रद्धेवरचे भाष्यच आहे.

९/ पाच दिवसांनी, २९ जूनला, संत पेत्र आणि पौल यांचा सण. पेत्र मासेमार होता. त्या दिवशी कोळीवस्त्यांत होड्या एकमेकींना बांधून, सजवून पाण्यात फिरवतात. या सणाला ‘सांगड’ म्हणतात. ‘सांगड घालणे’ हा आपला वाक्प्रचार ज्या वस्तूवरून आला, तीच ही सांगड. खवळलेल्या समुद्रामुळे मासेमारी थांबलेली असते, म्हणून हात मोकळे असतात. सणाची तारीख रोमची, त्यासाठीची सवड मात्र पावसाने दिलेली.

१०/ सगळेच काही असे जुळले नाही. उपवासकाळ पाहा. युरोपात हिवाळा सरताना कोठारे रिकामी होत आलेली असत. तेथे उपवास आणि टंचाई शेजारी शेजारी येत. कोकणात हा काळ फाल्गुन-चैत्राचा : भात केव्हाच घरात आलेले, शिमग्याची धामधूम. खरी ओढ लागे आषाढ-श्रावणात, जुने भात संपत येई आणि नवे शेतात उभे असे तेव्हा. पंचांगाचा उपवास आणि पोटाची उपासमार यांच्यामध्ये चार-पाच महिन्यांचे अंतर राहिले.

११/ याहून खोल अंतर वेदीवर होते. मिस्सामध्ये अर्पण केली जाणारी भाकर गव्हाचीच असली पाहिजे, असा चर्चचा दंडक. पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेनेही तो नोंदवला आहे. येशूचा प्रसिद्ध दृष्टान्तही गव्हाच्या दाण्याचा : तो मातीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो. पण साष्टीचा शेतकरी गहू पेरीत नव्हता. ज्या दाण्यावर तो जगत होता, त्याला वेदीवर जागा नव्हती.

१२/ या थ्रेडचे मध्यवर्ती प्रतिपादन असे : कणसाचें फेस्त हा भाताने चर्चमध्ये प्रवेश करण्याचा दुसरा दरवाजा होता. मुख्य संस्कारात जे धान्य येऊ शकले नाही, ते आशीर्वादाच्या वाटेने आले.

१३/ याचा पुरावा तारखांतच आहे. भाताच्या कणसासाठी रोमन पंचांगात स्वतंत्र सण नाही. म्हणून पीक जेथे जेव्हा निसवते, तेथे त्या सुमारास येणारा सण लोकांनी धरला. राय येथे ५ ऑगस्ट. गोव्यातील इतर काही गावांत १५ ऑगस्ट, मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. ताळगावात २१ ऑगस्ट. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या मंगळुरी कॅथलिकांत ८ सप्टेंबर, मरियेचा जन्मदिन : ‘मोंती फेस्त’, नव्या तांदळाचे जेवण. मुंबई-वसई परिसरातील ईस्ट इंडियन समाजाचा ‘आगेरा’ ऑक्टोबरात. संत आणि सण बदलतात, कणीस बदलत नाही.

१४/ या कणसाला ख्रिस्ती धर्मापूर्वीचा इतिहासही आहे. कोकणात आश्विनी पौर्णिमेला ‘नवान्न पौर्णिमा’ म्हणतात. नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधायच्या, देवापुढे ठेवायच्या आणि मगच नवे अन्न खायचे, ही कृषिसंस्कृतीची जुनी मर्यादा. पहिला घास आपला नव्हे, हा तिचा गाभा. धर्म बदलला तरी ही मर्यादा टिकली.

१५/ येथे थांबून कटू भाग सांगणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे. हे सारे प्रेमळ संगमातून घडले, असे म्हणणे खोटे ठरेल. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ मध्ये साष्टीतील मंदिरे पाडली गेली. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. पुढे गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची हत्या केली.

१६/ सण आणि शेत यांच्या नात्यामागे एक आर्थिक कारणही आहे. गोव्यातील गावजमीन ‘गावकरी’ या सामूहिक व्यवस्थेची होती. देवळांचा आणि उत्सवांचा खर्च ज्या जमिनींच्या उत्पन्नातून चाले, ते उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आले. ज्या शेताने काल देऊळ चालवले, तेच शेत आज चर्च चालवू लागले. गावकरांचे मानपानही नव्या मिरवणुकीत उतरले. कणसाची वाट जुनीच राहिली, तिचे टोक बदलले.

१७/ याच साष्टीत एक इंग्रज जेझुइट जवळजवळ चाळीस वर्षे राहिला : फादर थॉमस स्टीफन्स. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी तो गोव्यात उतरला, १६१९ मध्ये निवर्तला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे, म्हणजे आपल्या राय गावाच्या शेजारीच, छापले गेले. सुमारे ११,००० मराठी ओव्या, पण रोमन लिपीत! मराठीच्या थोरवीवरील त्याच्या ओव्या आपल्याला परिचित आहेत. ग्रंथ कशासाठी लिहिला, हे मात्र क्वचित आठवले जाते.

१८/ ग्रंथारंभीच त्याचे कारण येते. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नात तक्रार आहे आणि भूकही आहे. मिस्सा लॅटिनमध्ये. पंचांग रोमचे. सणाच्या दिवशी आपल्या भाषेत ऐकायला काय उरले?

१९/ ‘ख्रिस्तपुराण’ हे त्याचे उत्तर. रविवारी आणि सणावारी ते लोकांसमोर वाचले जाई. दुसऱ्या भागात ख्रिस्ताच्या जन्मापासून मृत्यू आणि पुनरुत्थानापर्यंतची कथा येते, म्हणजे नाताळापासून ईस्टरपर्यंतचे वर्षच. जे भाताने शेतातून केले, ते ओवीने भाषेतून केले : परक्या पंचांगात आपला शब्द रोवला.

२०/ त्या शब्दालाही सुखाने नांदू दिले गेले नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती घरांतील तुळशीपासून एकादशीच्या उपासापर्यंत अनेक गोष्टींवर बंदी आली. म्हणजे ख्रिस्ती होऊन पिढ्या लोटल्या तरी लोक एकादशी पाळत होते! ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळे.

२१/ सत्तेने दिलेले पंचांग एक आणि लोकांनी जगलेले पंचांग दुसरे, असे मला या साऱ्यातून दिसते. पहिले तारखा ठरवते. दुसरे त्या तारखांना काय करायचे ते ठरवते. श्रद्धा बळाने लादता येते का, हा जुना वाद आहे. मात्र लादलेल्या तारखेतही माणसे आपला ऋतू शोधतात, हे साष्टीच्या शेतांनी दाखवून दिले आहे. म्हणून गोव्याच्या ख्रिस्ती श्रद्धेला ‘परकी’ म्हणणारे चुकतात. तिच्या जन्मकळा विसरून ‘सुंदर समन्वय’ म्हणणारेही तितकेच चुकतात.

२२/ या वर्षचक्रातील एक जुळणी मला विशेष भावते. पेंटेकॉस्टनंतरच्या सामान्य काळात धर्मगुरू हिरवी वस्त्रे घालतात. हा रंग मध्ययुगीन युरोपात रूढ झाला. आगमनकाळ प्रतीक्षा शिकवतो, उपवासकाळ पश्चात्ताप, ईस्टर आशा. हा दीर्घ हिरवा काळ मात्र निव्वळ वाढीचा : मोठे सण थोडे, रोजचे जगणे अधिक. पेंटेकॉस्ट १० मे ते १३ जून यांदरम्यान येतो. कोकणात पाऊस जूनच्या पूर्वार्धात पोहोचतो. वेदीवर हिरवा रंग चढतो आणि काही दिवसांतच बाहेर भाताची रोपे उगवू लागतात. ही जुळणी रोममध्ये कोणी योजली नव्हती.

२३/ डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली. आज वसईत मिस्सा मराठीत होते, गोव्यात कोंकणीत. स्टीफन्सच्या ग्रंथातील त्या श्रोत्याच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर मिळायला साडेतीन शतके लागली.

२४/ आता भाषा आहे, पण शेताचे काय? साष्टीतील कित्येक भातशेते पडीक आहेत. वसईत आणि मुंबईच्या गावठाणांत तर शेताच्या जागी इमारती उभ्या आहेत. धर्मांतर, इन्क्विझिशन, भाषाबंदी या सर्वांतून जे कणीस तगले, त्याला जमिनीच्या बाजारातून तगायचे आहे. पेरणारे हात नसतील तर सणाला तारीख उरेल, ऋतू उरणार नाही.

२५/ आपल्या गावी, कोणत्याही धर्मात, नव्या धान्याचा पहिला मान कोणाला आणि कोणत्या दिवशी दिला जातो, हे खाली अवश्य लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहिलेत तर अधिक उत्तम. अशा नोंदी दप्तरखान्यांत फार थोड्या सापडतात, त्या बहुधा आजी-आजोबांपाशीच असतात. (समाप्त)