सहाध्याय्यांचें बोलावणें

अलीकडे मोठमोठ्या कंपन्या नवे पदवीधर निवडावयाचे झाले म्हणजे आपल्या नोकरांनाच त्यांच्या जुन्या महाविद्यालयांत पाठवितात. ज्यानें त्याच बाकांवर बसून अभ्यास केला त्याला तेथील मुलांची पारख अधिक, आणि मुलांचाहि त्याच्या शब्दावर विश्वास अधिक, असा यामागील हिशेब असतो. ही रीत नवी म्हणून वाखाणली जाते. पण पुण्याच्या एका निर्धन शिक्षणसंस्थेनें ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं आचरून दाखविली होती. त्या अनुभवांतून या रीतीचें बळ कशांत आहे आणि तिचा दोष कोठें आहे, या दोन्ही गोष्टी उघड दिसतात.

टिळक व आगरकर हे डेक्कन कॉलेजांतील सोबती. शिक्षण संपल्यावर सरकारी नोकरी न धरतां शाळा काढावयाची, हा त्यांचा बेत तेथेंच ठरला. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आले, आणि १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें. आगरकर एम. ए. होऊन मागाहून येऊन मिळाले. पुढें १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ त फर्ग्युसन कॉलेज स्थापन झालें. आजीव सभासदानें २० वर्षें सेवा करावी आणि महिना सुमारें ७५ रुपयांवर समाधान मानावें, असा तेथील दंडक. अशा अटींवर हुशार पदवीधर जाहिरातीनें कसा मिळावा? तो मिळत असे ओळखीच्या माणसाच्या शब्दावर. आणि त्या शब्दाला वजन येई तें तो माणूस स्वतः त्याच अटींवर राबत असल्यामुळें.

याचें उत्तम उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचें. टिळक १८९० त संस्थेंतून बाहेर पडले आणि गणिताच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं तेथें आजीव सभासद होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत कर्वे त्यांचे सहाध्यायी. दोघेहि १८८४ चे बी. ए. मुंबईंत शाळांतून गणित शिकवीत असलेल्या या अबोल मित्राची योग्यता गोखल्यांना ठाऊक होती. त्यांनीं बोलावलें, आणि १८९१ त कर्वे पुण्यास आले. केवळ प्रमाणपत्रें पाहणाऱ्या समितीच्या नजरेंत हा मनुष्य कदाचित् भरला नसता. सहाध्यायी मात्र वर्गांतला क्रमांकच पाहत नाहीं. अडचणींत कोण टिकला, हेंहि त्यानें पाहिलेलें असतें. कर्वे पुढें १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्यें राहिले.

पुढची पिढी तर त्याच कॉलेजांत तयार झाली. कर्व्यांचे आप्त रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे फर्ग्युसनचे विद्यार्थी. १८९९ त केंब्रिजला ते सीनियर रँग्लर झाले. मोठ्या पगाराच्या जागा त्यांना दुर्लभ नव्हत्या. तरी ते आपल्याच कॉलेजांत परत आले, आणि १९०२ त त्याचे प्राचार्य झाले. आपल्या गुरूंना अल्प वेतनावर काम करतांना त्यांनीं वर्गांत बसून पाहिलें होतें. त्या दर्शनापेक्षां अधिक प्रभावी बोलावणें कोणतें?

परंतु या चित्राची दुसरी बाजूहि आम्हांस सांगितलीच पाहिजे. पहिली गोष्ट ही कीं, कॉलेजांतील मैत्री ही मतैक्याची हमी नव्हे. सभासदांनीं संस्थेबाहेरचें काम व प्राप्ति कितपत स्वीकारावी, यावरून वाद पेटला, आणि एका खोलींत स्वप्नें पाहिलेले टिळक-आगरकर एकमेकांपासून दुरावले. मित्र जोडण्यापूर्वीं अटी स्पष्ट लिहून ठेवाव्या लागतात, हा धडा संस्थेस महाग पडला.

दुसरा दोष अधिक खोल आहे. मनुष्य बोलावितो तो आपल्या ओळखीच्यांना. आणि त्या काळीं कॉलेजांतील ओळखीचें वर्तुळ म्हणजे बहुधा एकाच वर्गाचें. संस्थेचे पहिले आजीव सभासद जवळजवळ सर्व ब्राह्मण होते. त्यांत कोणाची दुष्ट बुद्धि होती असें नव्हे. ज्याला कॉलेजचा उंबरठाच ओलांडतां आला नाहीं, त्याचें नांव कोणत्या सहाध्याय्याला आठवावें?

या प्रश्नाचें उत्तर साताऱ्याकडून आलें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ त रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि पुढें साताऱ्याच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं. त्याच मुलांतून संस्थेला शिक्षक व आजीव सेवक मिळाले. तेथें वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, आणि परत येऊन संस्थेच्याच साताऱ्याच्या कॉलेजचे प्राचार्य झाले. रीत तीच, माजी विद्यार्थ्यानें घरीं परतण्याची. पण आधीं घराचा दरवाजा रुंद केलेला.

तात्पर्य, जुन्या विद्यार्थ्याला महाविद्यालयांत पाठवून माणसें मिळविणें ही गोष्ट चांगलीच आहे. मात्र ती दोन कसोट्यांस उतरली पाहिजे. बोलावणारा ज्या अटी सांगतो, त्या तो स्वतः आनंदानें पाळतो काय? आणि ज्या अंगणांत तो उभा आहे, तेथें यावयास सर्वांना वाट आहे काय? पहिलीचें उत्तर नकारार्थी असेल तर तें बोलावणें नुसती जाहिरात ठरते. दुसरीचें तसें असेल तर गुणांच्या नांवाखालीं नुसती ओळखच निवडली जाते.