पंख वर की खाली?

बारामतीच्या विमानतळावर वैमानिक घडवणारी सेसना १५२ विमाने इंदापूरकरांनीही डोक्यावरून जाताना पाहिली आहेत. पंख वर, धड खाली. वाऱ्याचा झोत आला, विमान कलले, तरी ते बरेचसे आपले आपण सावरते. रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांची सुरुवातही अशीच झाली. १९३७ साली अमेरिकेत गुड बंधूंनी बनवलेल्या ‘गफ’चा पंख वरच होता.

पण आपोआप सावरणारे विमान कोलांटी मारायला कुरकुरते. १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये अशा विमानांच्या कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती एड काझमिर्स्की यांनी जिंकली, ‘ओरायन’ या खालच्या पंखाच्या विमानावर. कसरतीच्या विमानांत पंखाचा छेद वरून-खालून सारखाच ठेवू लागले; मग उलटे उडतानाही ते सुलट्याइतकेच सहज उडते. आखीव, डौलदार कसरतींना आजही असेच लांब धडाचे विमान लागते. १९९०च्या दशकात थ्री-डीचे वेड आले. वजन हलके, पंखाचे आणि शेपटीचे हलते भाग भलेमोठे, प्रोपेलरची ओढ वजनाहून अधिक. त्या ओढीवर लटकून विमान हवेत उभेच राहते. सर्कसच म्हणा ना!

मला विचाराल, तर नवख्याने वरच्या पंखाचेच घ्यावे. दुकानदार चकचकीत थ्री-डी पुढे करील, तरीही. उडवावे ते विमानतळापासून लांब, परवानगीच्या जागी. आणि उसाच्या फडाजवळ तर नकोच. पुरुष-दीड पुरुष उंच उसात पडलेले विमान तोडणी होईपर्यंत सापडत नाही.