लाल खोकड: न दिसणारा प्राणी मोजतात कसा?

अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात सिएरा नेवाडा लाल खोकडाची जवळपास १०० वर्षे खात्रीशीर नोंद नव्हती. डिसेंबर २०१४ आणि जानेवारी २०१५ मध्ये तो उद्यानाच्या उत्तर भागात कॅमेऱ्यात टिपला गेला. (खोकड म्हणजे फॉक्स. आपण ज्याला कोल्हा म्हणतो, तो जॅकल वेगळा.)

शोध कसा घेतात?

• कॅमेरा ट्रॅप: प्राण्याची हालचाल व शरीराची उष्णता जाणवताच कॅमेरा आपोआप फोटो काढतो. जवळ माणूस नसल्याने बुजरे प्राणीही टिपले जातात.
• केस: आमिषाजवळ लावलेल्या ब्रशमध्ये प्राण्याचे केस अडकतात.
• विष्ठा: केसांप्रमाणेच विष्ठेतूनही डीएनए मिळतो.

फिशर, मार्टेन अशा दुर्मीळ प्राण्यांसाठीही हीच पद्धत वापरतात.

फक्त फोटो का पुरत नाही?

वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो. खोकडाला पट्टे नसतात, त्यामुळे चार फोटो म्हणजे चार खोकड की एकच, हे सांगणे कठीण. डीएनएवरून प्राणी किती, नर की मादी आणि बाहेरून आलेल्या खोकडांशी संकर झाला आहे का, हे कळते.

हे महत्त्वाचे का?

सिएरा नेवाडातील या खोकडांना २०२१ मध्ये अमेरिकेच्या कायद्यानुसार ‘संकटग्रस्त’ दर्जा मिळाला. तेव्हा त्यांची संख्या ४० च्या आसपास किंवा त्याहून कमी असल्याचा अंदाज होता. एवढ्या थोड्या प्राण्यांत एकच खोकड दोनदा मोजला गेला, तरी धोका खऱ्याहून कमी भासतो.