तळटीप : ‘लढाई’ क्लासमधील स्थिर आणि ऐच्छिक गुणधर्म

* उदाहरणातला ‘लढाई’ हा क्लास स्विफ्ट भाषेत लिहिला आहे (ॲपल, २०१४). ‘ठिकाण’ आणि ‘दिनांक’ हे गुणधर्म लेखकाने ‘लेट’ने घोषित केले, ते योग्यच, खर्डा आणि ११ मार्च १७९५ यांत आता फेरफार संभवत नाही. अशा स्थिर गुणधर्माला घोषणेत किंवा इनिशियलायझरमध्ये एकदाच मूल्य देता येते. नंतर बदलू पाहिले तर कंपायलर अडवतो. सबक्लासलाही ती मुभा नाही. ‘जिल्हा’ मात्र ‘व्हार’ हवा होता : २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले.

‘तह’ हा ऑप्शनल. लढाई जुंपली तेव्हा निजामाशी तह व्हायचा होता, म्हणून आरंभी तिथे ‘निल’. नवशिके अडखळतात ते इथेच. ‘व्हार’ने घोषित केलेल्या ऑप्शनलला ‘निल’ आपोआप मिळते. ‘लेट’च्या ऑप्शनलला मिळत नाही, तिथे ‘निल’सुद्धा स्वतः लिहावे लागते. आणि एकदा लिहिले की ते कायमचे, मग निजामाने तह केला तरी त्याची नोंद करता येणार नाही! तेव्हा वाचकांनी पुढील पानावरचे ‘लेट तह’ हे ‘व्हार तह’ असे दुरुस्त करून घ्यावे. – संपादक