ल्यूनेबुर्ग

जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यातील एक जुने शहर व त्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सुमारे पाऊण लाख. हे शहर हॅम्बुर्गच्या आग्नेयेस सुमारे ५० किमी.वर, इल्मेनाउ नदीच्या काठी वसले आहे. मध्ययुगात बाल्टिक किनाऱ्यावरच्या मिठाचा मोठा हिस्सा या एका गावातून जात असे. उत्तर जर्मनीतील व्यापारी नगरांच्या हान्झा या संघात ते श्रीमंत सभासद म्हणून ओळखले जाई. २००७ पासून शहराच्या अधिकृत नावात ‘हान्झा नगर’ हे बिरुद पुन्हा जोडले गेले आहे.

भूगोल

शहर दोन वेगळ्या भूप्रदेशांच्या सीमेवर आहे. उत्तरेला एल्ब नदीच्या पुराने घडवलेला सपाट, चिकणमातीचा आणि सुपीक पट्टा; दक्षिणेला व नैर्ऋत्येला हिमयुगातील बर्फाने आणून टाकलेल्या वाळू-खड्यांचा उंचसखल, निकस प्रदेश. हा दुसरा प्रदेश म्हणजेच प्रसिद्ध ल्यूनेबुर्ग हीथ. ऑगस्टच्या सुमारास जांभळ्या फुलोऱ्याने भरून जाणारी खुरट्या झुडपांची ही माळराने आज पर्यटकांची आवडती आहेत. हीथमधील सर्वांत उंच ठिकाण विल्सेडे टेकडी १६९ मी. आहे, या सपाट मुलखात एवढी उंचीही नजरेत भरते. शहराची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम १७ मी., क्षेत्रफळ सुमारे ७० चौ. किमी. हवामान सौम्य, ढगाळ. वर्षाचा पाऊस ६०० मिमी.हून थोडा अधिक आणि तोही बाराही महिने थोडा थोडा पडणारा.

मिठाच्या भट्ट्यांसाठी जंगल तोडले आणि त्यातून हीथची माळराने तयार झाली, ही समजूत अजूनही मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. ती तशीच्या तशी मान्य करता येत नाही. जुन्या परागकणांच्या अभ्यासातून असे दिसते की इथली झाडी नवाश्मयुगापासूनच विरळ होत आली होती. शेतीसाठी केलेली तोड, मेंढ्यांची चराई आणि गवताची ढेकळे खणून नेण्याची रीत यांतून माळ पसरत गेले. भट्ट्यांनी लाकूड अफाट खाल्ले यात शंका नाही, पण त्यातले बरेचसे एल्बपलीकडच्या मेक्लेनबुर्गमधून पाण्याच्या वाटेने येत असे.

इल्मेनाउ दक्षिणेकडून येते, शहरात तिचे फाटे होतात आणि पुढे उत्तरेला ती एल्बला मिळते. नदी मोठी नाही. पण इथपासून खाली सपाट तळाच्या होड्या चालू शकत, आणि गावाच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते. जुन्या धक्क्यावर लाकडी यारी आजही उभी आहे. धक्क्यावर यारी असल्याचे उल्लेख चौदाव्या शतकापासून मिळतात. आजची रचना १७९७ ची. आत माणसांनी पायांनी चालवायची मोठी चाके आहेत.

शहराच्या पश्चिम कडेला काल्कबेर्ग ही टेकडी आहे. नावाचा अर्थ चुन्याची टेकडी. प्रत्यक्षात ती जिप्समची आहे. आज ती समुद्रसपाटीपासून सुमारे ५६ मी. उरली आहे. मध्ययुगापासून १९२३ पर्यंत तिच्यातून जिप्सम काढले गेले आणि ते गावातल्या विटांच्या भिंतींत गिलाव्यासारखे, सांधे भरायला वापरले गेले. १९३२ पासून टेकडीला संरक्षण आहे. ही टेकडी म्हणजे जमिनीखालच्या मिठाच्या प्रचंड घुमटाची टोपी. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे मीठ खोल थरांत दाबले गेले होते. वरच्या खडकांच्या भाराखाली ते हळूहळू वर सरकत आले आणि इथे जवळजवळ पृष्ठभागाला भिडले. भूजल त्या घुमटाच्या माथ्यावरून वाहताना मीठ विरघळवते. असे पाणी जवळजवळ संपृक्त असते, म्हणजे त्यात मिठाचे प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास जाते. महासागराच्या पाण्यात ते साडेतीन टक्के असते आणि बाल्टिकच्या पाण्यात तर त्याहून खूपच कमी. ल्यूनेबुर्गचे सारे वैभव या आकड्यांच्या फरकात आहे. उन्हात पाणी आटवून मीठ करायला लागणारे ऊन उत्तरेच्या या किनाऱ्यांवर नाही आणि बाल्टिकच्या पाण्यात पुरेसे मीठही नाही.

मीठ विरघळले की वरची जमीन खाली बसते. काल्कबेर्ग आणि जुन्या गावाची पश्चिम बाजू यांमधला पट्टा शतकानुशतके असा खचत आहे. मिठाच्या कामगारांचे सेंट लाम्बर्टी चर्च याच पट्ट्यात होते. भिंती इतक्या झुकल्या की १८६०-६१ मध्ये ते पाडावे लागले. त्याची वेदी आता सेंट निकोलाय चर्चमध्ये आहे. सेंट मिखाएलिस चर्चच्या आत गेल्यावर खांब ओळंब्यात नाहीत हे साध्या डोळ्यांना दिसते. फ्रोमश्ट्रासे या रस्त्यावर एका जुन्या आवाराचे लोखंडी फाटक आहे: जमीन दोन्ही बाजूंनी दाबत आल्यामुळे त्याच्या दोन झडपा एकमेकींवर चढल्या आहेत, आणि गावकरी त्याला ‘पाताळाचे दार’ म्हणतात. २००९ नंतर या भागात खचण्याचा वेग पुन्हा वाढला आणि काही घरे पाडावी लागली. सेंट योहानिस चर्चचा १०८ मी. उंच मनोराही दोन मीटरहून अधिक कललेला आहे, पण त्याचा दोष मिठाकडे जात नाही. १४०६ च्या आगीनंतर उभारलेल्या लाकडी शिखराचाच तो वाक आहे. चूक लक्षात येताच गवंड्यांच्या मुख्याने वरून उडी मारली, तो गवताच्या गाडीवर पडून वाचला आणि मग दारूच्या गुत्त्यात आनंद साजरा करताना बाकावरून पडून मेला, अशी दंतकथा गावात सांगतात.

आरंभीचा इतिहास

वस्तीच्या खुणा फार मागे जातात. शहराच्या उत्तरेकडील ओख्टमिसन येथे रस्त्याच्या कामात निअँडरथाल काळातील हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्यांचे वय सुमारे दीड लाख वर्षे मानले जाते. नैर्ऋत्येला ओल्डेनडोर्फजवळ नवाश्मयुगातील प्रचंड शिळांच्या समाधी आहेत. ख्रिस्तकाळाच्या आगेमागे या भागात लाँगोबार्ड लोक राहत. इसवी सन ५ मध्ये टिबेरियसच्या रोमन सैन्याने त्यांना एल्बच्या काठी गाठल्याचे वेलेयस पाटर्क्युलस हा रोमन इतिहासकार नोंदवतो. पुढे त्यांच्यातले बरेच दक्षिणेकडे सरकले आणि ५६८ मध्ये इटलीत उतरून त्यांनी आपले राज्य उभारले. लोम्बार्डी हे नाव त्यांच्यावरूनच आले. इल्मेनाउच्या खोऱ्यातील बार्डोविक या गावाच्या नावातही त्यांची आठवण आहे.

लेखी साधनांत या परिसराचा पहिला ठळक उल्लेख ७९५ सालचा आणि तो रक्तरंजित आहे. शार्लमेन सॅक्सनांविरुद्धच्या मोहिमेवर असताना त्याचा मित्र, स्लाव्ह ओबोड्राइट लोकांचा राजा वित्सिन, एल्बजवळच्या ‘ह्लियुनी’ नावाच्या ठिकाणी सॅक्सनांकडून मारला गेला, असे फ्रँक राजवृत्तांत सांगतो. हे ठिकाण म्हणजे आजच्या ल्यूनेबुर्गचाच परिसर, असे सामान्यपणे मानतात. पण त्या काळात मान होता तो बार्डोविकला. ८०५ च्या फ्रँक फर्मानात स्लाव्हांशी व्यापार करण्याच्या ठरावीक नाक्यांमध्ये बार्डोविकचे नाव आहे, ल्यूनेबुर्गचे नाही.

शहराचा जन्मदाखला म्हणून १३ ऑगस्ट ९५६ चा दस्तऐवज दाखवतात. त्या दिवशी राजा ऑटो पहिला याने सॅक्सनीतील आपला विश्वासू सरदार हेर्मान बिलुंग याच्या विनंतीवरून इथल्या मिठावरची जकात सेंट मिखाएलच्या मठाला दिली. मिठाचे काम त्याआधीच चालू होते हे उघड आहे, नाहीतर जकात कशावर द्यायची? मठ आणि हेर्मानचा किल्ला दोन्ही काल्कबेर्गवर होते आणि बिलुंग घराण्याच्या कबरीही मठातच होत्या. लोककथेला मात्र दस्तऐवजांशी देणेघेणे नसते. तिच्या मते एका शिकाऱ्याने चिखलात लोळलेल्या रानडुकरीला मारले, तिच्या वाळलेल्या केसांवर पांढरे कण चमकताना पाहिले आणि मिठाचा झरा सापडला. त्या डुकरिणीचे म्हणून एक हाड नगरभवनात काचेआड जपून ठेवले आहे.

सुरुवातीला इथे एक गाव नव्हते, तीन वस्त्या होत्या. टेकडीवर किल्ला व मठ, तिच्या पायथ्याशी मिठाचे झरे आणि नदीच्या पुलाशी मोडेस्टोर्प हे शेतकऱ्यांचे खेडे. सेंट योहानिस हे मूळचे मोडेस्टोर्पचे चर्च. टेकडी, पूल आणि झरा या त्रयीवर शहर उभे राहिले, असे जुने लॅटिन सूत्र सांगते. तरीही केवळ या तिघांच्या बळावर ल्यूनेबुर्ग मोठे झाले असे म्हणणे अर्धवट ठरेल. शेजारच्या दोन प्रतिस्पर्ध्यांचा काटा निघाला, हेही तेवढेच निर्णायक ठरले.

बिलुंग घराण्याचा शेवटचा ड्यूक माग्नुस ११०६ मध्ये वारला. त्याची मुलगी वुल्फहिल्ड वेल्फ घराण्यात दिलेली होती; तिच्यामार्फत ल्यूनेबुर्गची मालमत्ता वेल्फांकडे आली. तिचा नातू, ‘सिंह’ या बिरुदाचा ड्यूक हाइनरिश, याने ल्यूबेक नव्याने वसवले आणि आपल्या मिठाला बाल्टिकचे दार उघडले. होल्स्टाइनमधील ओल्डेस्लो येथेही खारे झरे होते आणि ल्यूनेबुर्गच्या विक्रीला त्यांचा फटका बसत होता. हाइनरिशने ते झरे बुजवून टाकले, असे तत्कालीन इतिहासकार हेल्मोल्ड लिहितो. दुसरा प्रतिस्पर्धी बार्डोविक. सम्राटाशी वैर घेऊन सत्ता गमावलेल्या हाइनरिशला त्या गावाने दारातून परत लावले होते. ११८९ मध्ये त्याने ते जाळून लुटले. तिथला व्यापार त्यानंतर काही किलोमीटर वरच्या ल्यूनेबुर्गकडे वळला. बार्डोविक आज भाजीपाल्याच्या मळ्यांसाठी ओळखले जाते.

१२३५ मध्ये हाइनरिशचा नातू ऑटो याच्यासाठी ब्राउनश्वाइग-ल्यूनेबुर्ग ही डची निर्माण झाली. १२४७ मध्ये त्याने नगराचे हक्क मान्य केले.

मीठ आणि नगरसत्ता

भरभराटीच्या काळात मिठाच्या आवारात ५४ भट्टीघरे होती आणि प्रत्येकात शिशाच्या चार चौकोनी, उथळ कढया; एकूण २१६. जमिनीखालच्या विहिरीतून उपसलेले खारे पाणी लाकडी पन्हळींनी घरोघर खेळवले जाई. कढईखाली रात्रंदिवस लाकडे जळत. पाणी आटून मिठाचे कण तळाला बसू लागले की ते ओढून काढून निथळायला ठेवत. शिसे मऊ असल्यामुळे कढया लवकर निकामी होत आणि पुन्हा वितळवून ओताव्या लागत. कढयांची मालकी बहुतांशी मठ, चर्च आणि धर्मसंस्थांकडे होती. भट्ट्या चालवत ते भाड्याने घेणारे नगरवासी, ‘झ्युल्फमाइस्टर’. नगरपरिषदेत याच घराण्यांचा शब्द चाले.

गिऱ्हाईक होते ते मुख्यतः हेरिंग मासळीचे. उपवासाच्या दिवसांत ख्रिस्ती युरोपला मासे हवे असत आणि हेरिंग तर खारवल्याशिवाय टिकत नाही. दक्षिण स्वीडनमधील स्कोनेच्या बाजारात ल्यूबेकचे व्यापारी मीठ पोचवत. ल्यूनेबुर्ग ते ल्यूबेक हा सुमारे १०० किमी.चा गाडीमार्ग मोल्न व राट्सेबुर्गवरून जाई. ‘जुना मीठमार्ग’ म्हणून तो आजही दाखवतात. रस्ते वाळूचे व चिखलाचे, गाड्या जड. म्हणून ल्यूबेकने कालवा खणायला घेतला. १३९८ च्या जुलैत मिठाने लादलेल्या पहिल्या होड्या श्टेकनिट्स कालव्यातून ल्यूबेकला पोचल्या. एल्ब आणि बाल्टिक यांचे पाणी जोडणारा हा कालवा युरोपातील अशा सर्वांत जुन्या कालव्यांपैकी एक आहे.

त्याआधीच गावाने ड्यूकला डोक्यावरून उतरवले होते. ल्यूनेबुर्गच्या गादीचा वारसा वादात सापडल्यावर नगराने ब्राउनश्वाइगच्या माग्नुसविरुद्ध पक्ष घेतला आणि १ फेब्रुवारी १३७१ रोजी नगरवासी काल्कबेर्गवर चढून गेले. किल्ला घेतला, पाडला. मठालाही टेकडी सोडून गावाच्या तटाआत यावे लागले. २१ ऑक्टोबरच्या रात्री माग्नुसच्या लोकांनी तटावरून आत घुसण्याचा प्रयत्न केला, तो गल्लीबोळांतील लढाईत फसला. ड्यूकांचे वास्तव्य पुढे त्सेलला हलले.

पैसा आला तसे कर्जही आले. पंधराव्या शतकाच्या मध्यावर नगराने कर्जफेडीसाठी मिठाच्या उत्पन्नात मठाधिपतींकडून जादा वाटा मागितला. त्यांनी नकार दिला, प्रकरण पोपपर्यंत गेले. १४५४ मध्ये जुनी नगरपरिषद उलथवली गेली आणि नगराध्यक्ष योहान श्प्रिंगइंटगूट पुढल्या वर्षी बुरुजातल्या कैदेत मेला. हा तंटा १४६२ पर्यंत चिघळत राहिला.

फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे उन्हात पिकवलेले स्वस्त मीठ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच जहाजांतून बाल्टिकमध्ये येऊ लागले होते. पुढे हान्झाचा जोरही ओसरला आणि ल्यूनेबुर्ग मागे पडले. मीठ मात्र पिकत राहिले. शेवटचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला आणि त्याच्या आवारात आता मीठ संग्रहालय आहे. घसरणीच्या शतकांत जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा गावाकडे नव्हता आणि दुसऱ्या महायुद्धातही शहराचे फारसे नुकसान झाले नाही. त्यामुळे ‘आम झांडे’ या चौकाभोवतीची पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची विटांची घरे जवळजवळ पूर्वीसारखी उभी आहेत.